मोटर उघडणारे मल्हारीमामा

रिमोटवर चालणाऱ्या होड्या हा मोठ्या माणसांचा खेळ आहे, हे मला चिकलठाण्यात नोकरी लागेपर्यंत माहीत नव्हतं. पुण्या-बेंगळुरूचे शौकीन तळ्याच्या काठावर उभे राहून हातभर लांबीच्या होड्यांच्या शर्यती लावतात. हौसेला मोल नाही म्हणतात, ते खरं. त्या होड्या आमच्या वैजनाथसाहेबांच्या शेडमध्ये व्हायच्या, आणि प्रत्येकीच्या पोटात एक ब्रशलेस मोटर असायची. ब्रशलेस म्हणजे कार्बनचे ब्रश नसलेली. तारेची वेटोळी जागच्या जागी आणि मधोमध चुंबक फिरतो.

बिघडलेली मोटर उघडायचं काम मल्हारीमामांचं. मी तिथली कारकून, कालिंदी. मामांना सहीपुरतंच लिहिता यायचं, म्हणून ते निदान सांगायचे आणि मी लिहायची.

मामा सिल्लोडकडचे धनगर. मोटर हातात आली की लगेच उघडायचे नाहीत. तिच्या तिन्ही वायरी एकत्र पिळायचे, डोळे मिटायचे आणि दांडा दोन बोटांत धरून हळू फिरवायचे. सगळीकडे सारखा जड लागला तर तार धड. मध्येच हलका सुटला तर कुठंतरी तुटलेली. मग उघडून बेअरिंग कानाशी फिरवायचं, तारेचा वास घ्यायचा. त्यांचा बाप मेंढी घेताना आधी पाठ दाबायचा आणि मग लोकरीत फुंकर मारून कातडी बघायचा. हेही तसंच, म्हणायचे. शेडमध्ये मीटर होता. मामांचं सांगून झालं की आम्ही तो लावायचो, मीटर बरोबर आहे का ते बघायला.

शेजारच्या खोलीत आठ बायका तार गुंडाळायच्या, म्हणजे वाइंडिंग करायच्या. त्यांतली सगळ्यांत जुनी बानाबाई, मामांची बायको. शेवटी दोऱ्यानं बांधायची गाठ प्रत्येकीची वेगळी. बानाबाईंची दुहेरी, घोंगडीच्या दशांना मारतात तशी.

एक दिवस साहेबांनी टेबलावर पाच परदेशी मोटरी ठेवल्या. "मामा, ह्या पाच आणि आपल्या पाच. चालवा, उघडा, आणि कुठली चांगली ते सांगा. तुमचा शब्द शेवटचा."

परदेशी मोटर सरस ठरली तर बायकांची खोली बंद होणार, हे लहान पोरालाही कळलं असतं. चहाच्या वेळी आठही जणी मामांकडे बघत होत्या. बानाबाई एवढंच म्हणाल्या, "नीट बगा म्हंजी झालं."

मागच्या अंगणात पाण्याची टाकी होती. होडीचा पंखा लावून एकेक मोटर तिच्यात दहा-दहा मिनिटं चालवायची आणि बाहेर काढून तळहात ठेवायचा. परदेशी पाचही कोमट निघाल्या. आमची तिसरी आठव्या मिनिटाला जळाली, पाचवी सहाव्या.

मामांनी दोन्ही उघडल्या. लोखंडाच्या कडेवरून तार वळते तिथं तिच्यावरचा लाखेसारखा लेप ओरखडला होता, आणि तारेला तार भिडली होती. दोन्हींवर दुहेरी गाठ होती. वर्षभर बानाबाई तार लांब धरून बघत होत्या. चष्मा लावला तर म्हातारी झाली म्हणून काढतील, या भीतीनं त्यांनी तो घेतला नव्हता. हे मला दिसत होतं आणि मी गप्प होते.

मी हळूच म्हटलं, "मामा, बेअरिंग खराब होतं असं लिहिते. कोण उघडून बघतंय?"

मामा माझ्यावर चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं. ते खाली बसले आणि सांडूची गोष्ट सांगू लागले.

नामांतराचे दिवस होते. चिकलठाण्यात कारखाने नुकते वाढत होते आणि मामा पंपाच्या मोटरी बनवणाऱ्या एका कारखान्यात लागले होते. शेजारच्या बाकावर त्यांच्याच गावचा सांडू. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव मिळावं म्हणून तो मोर्चाला गेला, चार दिवस खाडा झाला. त्याच आठवड्यात एक मोठी मोटर जळाली. मामांनी उघडली तेव्हा दिसलं की स्टोअरमधून आलेली तारच सडकी होती. फोरमननं विचारलं, "हे सांडूचंच काम ना?" मामा मान खाली घालून उभे राहिले.

"नाय म्हनायला तोंड व्हतं बाई, पर उघाडलं नाय. त्याला त्याच दिवशी काढलं. पुढं विद्यापीठाला नाव मिळालं, त्याला कुटं काम मिळालं नाय. तवापास्नं ठरीवलं, मोटर उघाडली की दिसंल ते सांगायचं. लिवा. तार ओरबाडली. वाइंडिंगचा दोष."

"नाव?"

"नाव कशाला? इचारलं नाय कुनी."

मी लिहिलं. मामांनी सही केली.

बानाबाईंना नाव सांगायची गरजच पडली नाही. फाटकाशी त्यांनी नवऱ्याला थेट विचारलं, "गाठ बगितली व्हती ना?"

"व्हय."

त्या पुढं चालू लागल्या. महिन्याभरात खोलीला कुलूप लागलं. आठ जणींपैकी कोणी मुकुंदवाडीत धुण्याभांड्याला लागली, कोणी गावी गेली. मामांची नोकरी राहिली, पण परदेशी मोटर बिघडली की लोक ती फेकून नवी बसवतात. उघडायला काही येईना. मामा दिवसभर फाटकाजवळच्या स्टुलावर बसून असायचे. मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

दिवाळीच्या आधी मी कपाट आवरत होते. परदेशी मोटरींच्या ऑर्डरचा कागद हाती आला. तारीख बघितली आणि माझं डोकं तडकलं. मामांनी पहिली मोटर टाकीत सोडली त्याच्या तीन आठवडे आधीची तारीख. तशीच साहेबांसमोर जाऊन उभी राहिले. ते म्हणाले, "अहो, गिऱ्हाईक तपासणीचा कागद मागतं. फाइलला एक लागतो."

त्याच संध्याकाळी मी मुकुंदवाडीला मामांच्या घरी गेले. बानाबाई आत चूल बघत होत्या. नवऱ्याशी बोलणं त्यांनी तेव्हापासून टाकलंच होतं. ताट ठेवायच्या आणि उठून जायच्या. मी ओट्यावर बसून मामांना सगळं सांगितलं. वाटलं, ओझं उतरेल बिचाऱ्याचं.

मामा बराच वेळ आपली दोन बोटं एकमेकांवर घासत राहिले. मग म्हणाले, "म्हंजी मला इचारलंच नव्हतं."

"म्हणून तर सांगायला आले. तुमच्यामुळे काही झालं नाही. बानाबाईंना हाक मारते, त्यांनाही कळू दे."

त्यांनी माझा हात धरला. आजवर कधी धरला नव्हता. "नका बाई. तिला वाटू द्या माज्या शब्दानंच बंद पडलं. चाळीस वर्सं मोटरी उघाडल्या म्या. माजा शब्द कुनी धरला आसं वाटनारी ती एकटीच हाय आता."

इतक्यात बानाबाई चहा घेऊन आल्या. माझ्या हातात कप दिला, मामांचा जमिनीवर ठेवला आणि आत गेल्या. मामांनी वाकून कप उचलला. मी चहा संपवला, येते म्हणाले आणि निघाले. बानाबाईंना मी अजून काही सांगितलेलं नाही.