थोर कवीच्या नावावर

आमच्या आबांना, म्हणजे वडिलांना, कवी सोडून कुणाचंच पटत नाही. अमळनेरच्या तेलगिरणीत हयात गेली, पण घरात वाद निघाला की ते एखाद्या थोर कवीची ओळ काढतात आणि विषय तिथंच संपतो. आईनं तर वाद घालणंच सोडून दिलं.

गेल्या वर्षी त्यांना कमी ऐकू यायला लागलं. कानाचं मशीन लावायला साफ नकार. लोकच हल्ली पुटपुटतात, असं त्यांचं म्हणणं. एका जुन्या मित्रानं बायको दवाखान्यात असल्याचं सांगितलं, तर आबा म्हणाले, "वा, झकास!" तो मित्र पुन्हा ओट्यावर बसायला आला नाही. का आला नाही, हे आबांना अजून माहीत नाही. मला ते फार लागलं. असं एकेक माणूस तुटत गेलं तर आबांजवळ कोण उरणार, या भीतीनं माझी झोप उडाली.

पण मी हार मानणारी नव्हे. माणसं ओळखण्यात माझा कुणी हात धरू शकत नाही. माणूस शहाणपण ऐकत नाही, नाव ऐकतो, हे मी पुरतं ओळखून आहे. मी एक ओळ रचली: 'कान बंद झाले की बठ्ठं गाव परकं होतं.' खाली 'एक थोर कवी' असं ठोकून दिलं आणि मोबाइलवर आबांना पाठवली.

रविवारी आबा एसटीनं जळगावला माझ्या दारात हजर. "चाल, ते मशीन लई लेऊत."

दवाखान्यात मशीन बसेपर्यंत मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत होते. बाहेर आल्यावर आबांनी विचारलं, "तुना तो कवी कोन्या गावना वं?"

"पुण्याचे असतील."

"पुनाना मानूस 'बठ्ठं गाव' म्हनी का?"

'सगळं' लिहायचं सोडून घाईत आमच्या अहिराणीतलं 'बठ्ठं' लिहून बसले होते. "कळलं होतं, तर मग आलात कशाला?" मी जरा चिडूनच विचारलं.

"कवीनं ऱ्हातं तं नुसतं वाचतू," आबा म्हणाले. "तुनं व्हतं, म्हनीसन उनू."

ओळ माझी होती, म्हणून आबा आले होते. भर बाजारात मला रडू फुटलं.