विठाआत्याचं पांढरं पातळ

हिमालयातला बर्फ पोशीरच्या मिलिंदनं मळवला. तोही आत्यानं विणलेल्या मरून स्वेटरनं.

कशेळ्याकडच्या डोंगरांत ट्रेकवाल्यांना फिरवणारा हा गडी पुण्याच्या एका प्रयोगशाळेच्या लोकांचं सामान उचलायला स्पितीला गेला होता. शहरातल्या टायरांचं, कपड्यांचं डोळ्यांना न दिसणारं प्लास्टिक वाऱ्यावर बसून पार निर्मनुष्य बर्फात जाऊन पडतं म्हणे, ते शोधायला. सगळ्यांना सुती कपडे सांगितले होते. मिलिंदनं ऐकलं आणि थंडी वाजल्याबरोबर विसरला. बर्फ डब्यात भरला तो स्वेटर घालूनच. भिंगाखाली वाऱ्याचं राहिलं बाजूला, मरूनच मरून धागे! प्रयोगशाळेच्या मॅडम एवढंच म्हणाल्या, "मार्चमध्ये परत जायचंय. अंगावर सुती असेल तरच ये."

आणि मिलिंदला तर स्वप्नातही ते पांढरे डोंगर दिसत होते.

आईबापामागं त्याला वाढवलं विठाआत्यानं, नेरळच्या खानावळीत भाकऱ्या थापून. फावल्या वेळात तिनं अख्ख्या वस्तीला स्वेटर विणून दिलेत, कुणी मागो न मागो.

"म्हंजे माझ्या लोकरीत प्लास्टिक?"

"लोकर नाय गं ती आत्या, प्लास्टिकच हाय."

"गप रं! थंडी वाजली का त्यात?"

"नाय."

"मग झालं."

पण दुसऱ्या दिवशी ती गोधडीसारखा टाचलेला कोट शिवायला निघाली. कापडासाठी घरोघरच्या जुन्या साड्या मागायची आणि दशीला काडी लावायची. दोरा वितळून त्याची गोळी झाली, की "ह्ये बी तसलंच" म्हणून साडी परत. सगळी वस्ती तसलीच निघाली. शेवटी तिनं स्वतःची पेटी उघडली. बुद्धपौर्णिमेला विहारात जाताना नेसायचं पांढरं सुती पातळ काढलं.

"आत्या, ते नको गं."

"कापडच हाय. पौर्णिमेला तू मला नवं घे. सुती हां! काडी लावून बघीन."

त्या कोटात मिलिंद चालती गादी दिसत होता. मॅडम हसल्या, पण घेऊन गेल्या. यंदाच्या बर्फात त्याच्या अंगावरचा प्लास्टिकचा एकही धागा सापडला नाही. जे सापडलं, ते वाऱ्याचंच.

पौर्णिमेआधी त्यानं खालापुरातून पातळ आणलं. दुकानदारानं सुती म्हणून शपथेवर दिलेलं. आत्यानं दारातच काडी लावली. गोळी.

मग शेजारच्या हिरूचं पातळ नेसून ती विहारात गेली आणि भेटेल त्याला थांबवून सांगत सुटली, "ह्ये हिरूचं हाय. माझं हिमालयात गेलंय. मिलिंदकडं येणं हाय अजून."