गल्लीभर एकच जास्वंद

सलूनवाले काका दुकानात मोजकंच बोलायचे, पण गच्चीवर गेले की तोंडाचा पट्टा सुरू. कुणीही सापडलं की जास्वंदीची फांदी हातात देऊन धडा. "पेराच्या खाली तिरपा काप घ्यायचा, मुळं तिथूनच फुटतात. पानं अर्धी छाटायची. मुळंच नाहीत तर पाणी ओढणार कोण? पानं मात्र ते उडवत बसणार. ओल्या वाळूत खोचा, सावलीत ठेवा आणि रोज उपटून बघू नका."

"गिऱ्हाईक आलंय, आणि तुम्ही शाळा काय भरवताय!" काकू खालून ओरडायच्या.

खरं तर कोपऱ्यावर काचेचं पार्लर झाल्यापासून गिऱ्हाईक विरळाच. पण गल्लीत खिडकीखिडकीत काकांची तांबडी, भरगच्च पाकळ्यांची जास्वंद होती. छाटणीलाही काका हौसेनं घरोघर जायचे. त्यामुळे लोक हाक मारायचे, चहाला थांबवायचे.

मग पानांवर पिवळी वर्तुळं उमटली. आधी गच्चीवर, मग घराघरांत. खत झालं, फवारे झाले, कळ्या गळायच्या थांबेनात. शेवटी काका फांदी घेऊन रोपवाटिकेत गेले.

"विषाणू आहे. याला औषध नाही," रोपवाटिकेवाला म्हणाला.

"अहो, पण मी नवी कोवळी रोपं केली होती."

"फांदीपासून केलेलं रोप नवं कुठलं, काका? तेच झाड दुसऱ्या कुंडीत उभं राहतं, रोगासकट. आणि छाटताना कात्री पुसता ना?"

काका म्हणजे दर गिऱ्हाइकामागे वस्तरा औषधाच्या पाण्यात बुडवणारा माणूस. झाडांची कात्री त्यांनी जन्मात पुसली नव्हती.

दुसऱ्या दिवसापासून ते दारोदार फिरले. "उपटून टाका, जाळा. चूक माझी." कुणी ऐकलं, कुणी "द्यायला आलात तेव्हा बघायचं होतंत," म्हणून दार लावलं. वरच्या मजल्यावरच्या आजी मात्र कुंडीला टेकूनच उभ्या राहिल्या.

"आजारी आहे म्हणून घराबाहेर काढायचं? मग आधी मला काढा."

"आजी, तिच्यामुळे बाकीची जातील."

"जाऊ देत. मला सकाळी बघायला हीच आहे."

काका जिना उतरून आले. गच्चीवरची सगळी झाडं त्यांनी स्वतः जाळली. ओली लाकडं, नीट पेटेनात. धुरानं डोळे चुरचुरत राहिले.

"बी पेरून नवीन करा की," काकू हळूच म्हणाल्या. "बियांमधून हा रोग सहसा जात नाही म्हणे."

"तिला बी कधी धरलंच नाही गं. इतक्या पाकळ्यांच्या फुलात बी धरत नाही सहसा."

"मग दुसरं काही लावा."

काकांनी रिकाम्या कुंड्या जिन्याखाली पालथ्या घातल्या. त्यानंतर गच्चीवर काकूच जायच्या, कपडे वाळत घालायला. काका दिवसभर दुकानात बसत, स्वतःच्याच रिकाम्या खुर्चीत, दाराकडे पाठ करून. गल्लीतलं कुणी जाता जाता आत डोकावलं, तर वर्तमानपत्र तोंडासमोर धरत.