भेडाघाटात भरलेली ओटी

कुसुमचा अंबाडा माझ्या मुठीत आला आणि कुसुम नर्मदेतच राहिली.

पाण्यावर तेवढाच दिसत होता म्हणून मी तो धरला होता. जोर लावून ओढला, तर नुसते केस हातात. गंगावन! आम्ही दोघी जावा लग्न झाल्यापासून एका घरात राहतो, एकाच आरशात बघून वेणीफणी करतो, आणि ही बाई गंगावन लावते हे मला भेडाघाटात, नावेतून अर्धी बाहेर लोंबकळताना कळलं. दोन्ही बाजूंना पांढरे कडे, वर फडक्याएवढं आभाळ, खाली हिरवंकाळं पाणी. इथे बांबू टेकत नाही, असं नावाड्याने थोड्या वेळापूर्वीच सांगितलं होतं. कुसुमला पोहता येत नाही. मलाही येत नाही. निमाताई "कुसुमताई, कुसुमताई" ओरडत होत्या आणि कडे तेच पुन्हा पुन्हा ओरडत होते. सगळी आळी काठावर जमल्यासारखं वाटत होतं आणि काठावर कोणीच नव्हतं.

आता सुरुवातीपासून सांगते.

भोपाळहून आम्ही तिघी निघालो. मी, माझी धाकटी जाऊ कुसुम आणि सोनागिरीच्या निमाताई. निमाताई शाळेत भूगोल शिकवायच्या. निवृत्त झाल्या, पण शिकवणं सुटलेलं नाही. आम्ही दोघी इंद्रपुरीत राहतो. दोघींचे नवरे कारखान्यात होते, दोघेही गेले. मुलं बाहेरगावी. घरात मी आणि ती. सकाळी गॅसवर चहाचं पहिलं पातेलं कोणाचं, यावरून रोज भांडतो.

भेडाघाट हे कुसुमचं खूळ. तिला आपल्या हाताने नर्मदेची ओटी भरायची होती. नवरा गेल्यापासून हळदीकुंकवाला गेली की ओटीचं ताट तिच्यासमोरून पुढे सरकतं. मग ती घरी येऊन भांडी आपटते. एक दिवस म्हणाली, "जाऊबाई, नर्मदा स्वतः कुमारी. तिला माझ्या कुंकवाशी काय करायचंय?" मला ओटीबिटीचं काही नाही. पण भांडी माझीही आहेत. म्हटलं, चल.

जवाहर चौकात तिने दुकानदाराला सगळे गठ्ठे सोडायला लावले आणि पहिलाच हिरवा खण घेतला. तो वैतागून म्हणाला, "अम्मा, बेटी की शादी है क्या?"

"नदी की है," कुसुम म्हणाली. त्याने घड्या घालायला घेतल्या.

नारळ, तांदूळ, हळकुंडं, बांगड्या झालं. वर तेलाची दोन मोठी रिकामी कॅन. नर्मदेचं पाणी आणून देईन असं तिने आळीत प्रत्येकीला कबूल केलं होतं. "आपण फिरायला चाललोय की रॉकेलच्या रांगेत उभं राहायला?" मी विचारलं. ती म्हणाली, "तुम्हाला नाही द्यायची मी." गाडीत ती कॅन सगळ्यांच्या पायात गडगडत होती. इटारसीला चढलेल्या एका गृहस्थांनी एक उचलून हलवून पाहिलं, आत काही नाही म्हणून फारच निराश झाले.

जबलपूरला उतरलो आणि आधी खोव्याची जलेबी (खव्याची काळपट जिलबी) शोधली. दिसायला जळकी, पण तोंडात ठेवली की बोलणं बंद. कुसुमला साखर आहे. "मी अर्धीच खाते," असं म्हणून तिने पहिली अर्धी खाल्ली, मग दुसरी अर्धी, मग निमाताईंच्या पानातली अर्धी. मी काही बोलले नाही, कारण माझं तोंड भरलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी धुआँधार (धुरासारखा उडणारा धबधबा) पाहिला. पाहिला म्हणजे ऐकला. कठड्याशी गेलो तोच चष्म्यावर पाणी बसलं आणि पुढचं सगळं पांढरं. तिघी ओल्याचिंब, तिघी विनाकारण हसत. शेजारचं एक नवं जोडपं आमच्याकडे बघायला लागलं. निमाताई ओरडून काहीतरी शिकवत होत्या, आवाजामुळे एक अक्षर कळलं नाही. फार बरं वाटलं.

तिथून खाली नदीच्या कडेकडेने पायी गेलो. दगड इतका गुळगुळीत की उभ्याने चालायची सोयच नाही. मी सरळ बसले आणि घसरत उतरले. साडीचं मागचं अंग गेलं ते गेलंच. माझं बघून कुसुम बसली, कुसुमचं बघून निमाताई. बोरं विकणारी एक बाई खालून हे बघत होती. आम्ही पोचल्यावर म्हणाली, "बेर लोगी अम्मा? कि दाँत भी ऊपर छोड़ आईं?"

"तू गुठली (बी) निकाल के दे," कुसुम म्हणाली. ती बाई इतकी हसली की मूठभर बोरं जास्तीची दिली.

पुढे दोन पांढऱ्या कड्यांमध्ये एक घळ होती. एक माणूस तिरका होऊन जाईल एवढीच. आत गार, भिंती ओल्या, हात लावला तर लोण्यासारख्या. निमाताई म्हणाल्या, "ही मुळात चुनखडी. पृथ्वीच्या पोटात दाबली, तापली, म्हणून संगमरवर झाली."

"म्हणजे पानाला लावतो तो चुना?" मी विचारलं.

"त्याचीच नातलग."

कुसुमने लगेच नखाने खरवडून बोट चाटलं. "चव नाही," म्हणाली. मग निमाताईंनी डब्यातलं लिंबू दगडावर पिळलं. चुनखडी असली की फेस येतो म्हणे. आम्ही तिघींनी डोकी जवळ नेऊन वाट पाहिली. काही आलं नाही. लिंबू वाया गेलं. त्या म्हणाल्या, दगडात दुसरं काही मिसळलं असेल. पुढे घळ आणखी आवळत गेली आणि निमाताई मध्येच थांबल्या. थांबल्या म्हणजे अडकल्या. मी पुढून ओढत होते, कुसुम मागून ढकलत होती, आणि मधून त्यांचा आवाज, "हसू नका हो, हसलं की मी फुगते!" त्यावर मागून ढकलणंच बंद पडलं. कुसुम खाली बसून हसत होती. शेवटी त्यांनी श्वास सोडला आणि सुटल्या.

घाटावर नाव ठरवली. रम्मू नावाचा पिकल्या मिशांचा नावाडी आणि त्याचा मेहुणा छोटे. छोटे आडवातिडवा दांडगा होता, नावच तेवढं लहान. दोघांनी आम्हाला नारिंगी जाकिटं घातली आणि पट्टे आवळले. कुसुम म्हणाली, "गॅसची टाकी दिसतेय मी."

नाव कड्यांच्या मध्ये शिरली. चौथी शिकलेल्या बाईने हे कसं लिहावं कळत नाही. दोन्हीकडे कडे सरळ वर गेलेले. आधी खव्यासारखे पांढरे, वळण घेतलं की गुलाबी, पुढे राखाडी, मध्येच काळी रेघ. पाणी हलत नाही असं वाटतं आणि नाव तर चाललेली असते. रम्मू वल्हं मारता मारता यमक जुळवून सांगत होता, हा दगड हत्ती, ती मोटार, ही बंदरकूदनी (इथून माकडं उडी मारून नदी ओलांडायची म्हणे). मला एकही हत्ती दिसला नाही. मी मान डोलावली.

"आवाज़ दो अम्मा, पहाड़ जवाब देगा," तो म्हणाला.

कुसुमने विचार केला आणि जोरात ओरडली, "गॅस बंद केला का?"

कड्यांनी आम्हाला तेच विचारलं. पुढच्या वळणानेही विचारलं. आम्ही तिघी एकमेकींकडे बघायला लागलो. खरंच कोणी केला होता?

जिथे कडे सर्वांत जवळ येतात तिथे कुसुम म्हणाली, "थांबवा. इथेच." तिने पिशवीतून ताट काढलं. मग जाकिटाचे पट्टे सोडायला लागली. दोन्ही खांद्यांवरून पदर घ्यायचा होता आणि तो जाकिटावर राहत नव्हता.

"अम्मा, जैकेट मत उतारो," रम्मू म्हणाला.

"मैया के सामने टायर पहन के खड़ी रहूँ?"

"बैठ के कर लो. नाव है, आँगन नहीं है."

पण कुसुम उभी राहिली होती. पदर नीट घेतला, खणावर नारळ ठेवला, बांगड्या ठेवल्या. इतक्या वर्षांनी पहिल्यांदा ताट तिच्या हातात होतं आणि ते हिसकावून घेणारं तिथे कोणी नव्हतं. ती वाकली. आपल्याकडे एकीने काही अर्पण करायचं असलं की बाकीच्या तिच्या हाताला हात लावतात, म्हणजे सगळ्यांचं पोचतं. निमाताई उठल्या आणि तिच्या कोपराला हात लावला. मला ओटीचं काही नाही म्हणते, पण मीही उठले आणि निमाताईंच्या हाताला हात लावला. तिघी एकाच बाजूला. रम्मू ओरडला, "बैठो!" नाव कलली. नारळ आधी गेला, मागोमाग कुसुम.

मग ते अंबाड्याचं झालं.

ती खाली गेली ती वर येईना. मी गंगावन धरून पाण्याकडे बघत होते. मग साडी फुगून वर आली, पुरीसारखी, आणि तिच्यात कुसुमचं तोंड. डोळे उघडे, ओळख नाही. माझ्या पायाला ते तेलाचं रिकामं कॅन लागलं. मी झाकण घट्ट आहे का तेसुद्धा पाहिलं नाही. उचललं आणि फेकलं.

ते तिच्या डोक्यात बसलं.

"मारता काय!" असं ती ओरडली, पाणी गिळलं, आणि रागारागाने त्या कॅनला मिठी मारली. तोवर रम्मूने उडी घेतली होती. वर ओढलं तर नाव उलटेल म्हणून तो तिला कॅनसकट ओढत कड्याच्या एका बुटक्या पायरीशी घेऊन गेला. छोटेने नाव तिथे लावली आणि दोघांनी तिला दगडावर घेतलं. ती पडून राहिली. हात बर्फासारखे. डोळे मिटलेले. डोक्यावर राहिलेले केस मूठभरही नव्हते, आणि त्यात ती फार लहान दिसत होती. मी तिचे तळवे चोळत होते आणि शिव्या देत होते. दुसरं काही सुचेना. "ऊठ गं भवाने. सगळं घर माझ्या अंगावर टाकून जातेस? ऊठ. उद्यापासून पहिला चहा तुझा."

तिने एक डोळा उघडला. "निमाताई, ऐकलंत ना? साक्षीदार आहात." मग खोकली, भरपूर पाणी ओकली आणि मला म्हणाली, "नारळ?"

"गेला."

"पोचला," ती म्हणाली. "आणा माझे केस."

मी दिले. रम्मूने तिला जाकीट घातलं आणि पट्ट्याला दोन गाठी मारल्या. परतताना तिने वाकू नये म्हणून छोटेने दोन्ही कॅन भरून दिली. मग निमाताईंना हसू फुटलं, मग मला, मग रम्मूला, आणि आमच्यामागे कडेही हसत राहिले.

घरी आलो. गॅस बंद होता. पंखा मात्र चालू राहिला होता.

आता आळीतल्या बायका नर्मदेचं पाणी न्यायला येतात आणि कुसुम त्यांना हकिकत सांगते. पहिल्या दिवशी पाणी खोल होतं. दुसऱ्या दिवशी भोवरा आला. परवापासून मगर आली आहे, आणि रम्मू दोन तास सापडत नाही. म्हणून हे लिहून ठेवलं. मगर नव्हती. पहिला चहा रोज तिचाच असतो. नावेत आम्ही पाच जण होतो, कुसुम, निमाताई, रम्मू, छोटे आणि मी, आणि पाचही जण जिवंत आहोत.