सीतादहीची पेशी

फोन काकूंचा होता. मोहरीलकाकूंचा. मी कचेरीत होते, समोर नळाची तक्रार घेऊन दोन बायका उभ्या होत्या. काकू रडत नव्हत्या. म्हणाल्या, "सुनंदा, तुझे साहेब गेले गं पहाटे. चहा मागितला आणि येईपर्यंत..." मग थोडं थांबून म्हणाल्या, "तुझ्या बाबांना आधी सांग. ते नेहमी म्हणायचे, मला काही झालं तर ढोलेबुवांना आधी कळलं पाहिजे." नळाच्या तक्रारीचं मग काय झालं ते मला आठवत नाही.

नगरपालिकेच्या निवृत्त अभियंत्याच्या मरणाची बातमी आधी एका कास्तकाराला का द्यायची, हे बाहेरच्या माणसाला कळणार नाही. लोहाऱ्याला त्यांच्या घरी जमलेल्या लोकांनाही कळलं नाही. दुसऱ्या दिवशी पेपरात दोन ओळी आल्या. पत्नी, मुलगा, सून, नातवंडं असा परिवार. त्यात आमचं गाव नव्हतं. आमचा रस्ताही नव्हता. म्हणून हे लिहिते आहे.

मी ढोल्यांच्या घरातली पहिली बी.ए. भूगोल घेऊन, चांगल्या वर्गात. हे मी मोठ्यानं सांगते, कारण मिळवलं ते लाजण्यासारखं नाही. तालुक्याच्या गावात नगरपालिकेच्या रचना शाखेत मला जागा मिळाली, तेव्हा तिथे मोहरील साहेब होते. उंच, जरा वाकलेले, शर्टाच्या खिशात पेन्सिलीच पेन्सिली. घराणं यवतमाळचं, तीन पिढ्या नोकरीतल्या. मला वाटलं, हे आता माझी परीक्षा घेणार. घेतली. टेबलावर गावाचा नकाशा पसरला आणि म्हणाले, "भूगोलवाल्या ना तुम्ही? मग तुमचं वावर दाखवा."

मी शोधलं. नकाशा नाल्यापाशी संपत होता आणि आमचं वावर नाल्याच्या पलीकडे. मी कागदाच्या बाहेर, टेबलाच्या लाकडावर बोट ठेवलं. म्हटलं, "इथं आहे, साहेब." कोपऱ्यातले बडे बाबू हसले. साहेब हसले नाहीत. हद्दवाढ होऊन पुष्कळ दिवस झाले होते, नाल्यापलीकडची वावरं केव्हाच गावात आली होती, नकाशा तेवढा जुना राहिला होता. त्यांनी डिंकाची बाटली मागवली, नकाशाला नवा कोरा कागद जोडला आणि मला म्हणाले, "ढोलेबाई, बोट काढू नका. तिथूनच सुरू करू."

ते दिवस गावाच्या पुढच्या वीस वर्षांचा आराखडा करण्याचे होते. बसस्टँड कुठे न्यायचं, शाळेच्या पोरींनी कुठून चालायचं, पांढरकवड्याकडून येणारे ट्रक गावात न शिरता कसे जातील... पण साहेबांच्या डोक्यात सगळ्यांच्या वर एक रस्ता होता. गावाला वळसा घालून, नाला ओलांडून यवतमाळच्या सडकेला मिळणारा. कारण त्या काळी कापसाचा हंगाम सुरू झाला की आमचं गाव बंद पडायचं. खरेदी केंद्रापासून बैलगाड्यांची रांग लागायची ती जिनिंगवरून, दवाखान्यावरून, पार बसस्टँडच्या पुढे. दिग्रसहून येणारी एसटी मारुतीच्या देवळापाशी थांबायची आणि लोक सामान डोक्यावर घेऊन उरलेलं गाव पायी ओलांडायचे. आमच्याकडे रीत अशी, की एकदा बैल सोडले आणि गाडीच्या दांड्या भुईला टेकवल्या, की त्या गाडीला मालकाशिवाय कोणी हात लावायचा नाही. भरल्या गाडीला परक्याचा हात लागला तर उद्या कापूस कमी भरल्याचा आळ त्याच्यावर. म्हणून सख्खा शेजारीही गाडी सरकवत नसे. मालक बैल पाण्यावर घेऊन गेलेला असेल तर रस्ता तो परत येईपर्यंत तसाच.

साहेबांची कामाची एक पद्धत होती. रस्त्याची रेघ आधी पेन्सिलीनं मारायची आणि ज्याच्या ज्याच्या वावरातून ती जाते, त्या मालकासोबत ती चालायची. पायी, पूर्ण. तोवर शाई नाही. बडे बाबू वैतागायचे. "साहेब, लोकाईले विचारत बसलं तर हरकतीच येतीन." साहेब म्हणायचे, "हरकत चालता चालता ऐकली तर भांडण होत नाही हो. दोघांनाही दम लागलेला असतो."

चालता चालता रेघ आमच्या वावरापाशी आली. मी नकाशा धरायला सोबत होते. बाबा धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, उभे होते, डोक्याला फडकं, हातात इळा. साहेबांनी रेघ कुठून जाते ते सांगितलं. मधोमध जात होती, जिथे पुढच्या उन्हाळ्यात विहीर खोदायचं बाबांच्या मनात होतं तिथून. मला वाटलं, बाबा आता चिडतील. ते चिडले नाहीत. साहेबांबरोबर या टोकापासून त्या टोकापर्यंत चालले आणि शेवटी बोरीच्या झाडाखाली बसून त्यांनी साहेबांना माझ्या काकाची गोष्ट सांगितली. घरात ती कोणी काढत नसे.

मी कॉलेजात असतानाची गोष्ट. कापूस वेचताना काकाला पान लागलं, म्हणजे साप चावला. जीपमध्ये घालून यवतमाळला न्यायला निघाले. जीप बसस्टँडपाशी अडकली. पुढे गाड्या, दांड्या टेकवलेल्या. लोक ओरडत होते, "ही गाडी कोणाची वो? मालकाले बोलवा, मालकाले!" कोणी हात लावला नाही. रीत ती रीत. अन् बाबा नाल्यावर बैलांना पाणी पाजत होते.

"बैलं घेऊन आलो तं गर्दी दिसली," बाबा म्हणाले. "म्या इचारलं, कोणाची गाडी आडवी आली बाप्पा? सारे माह्याकडंच पाह्यला लागले. पाह्यतो तं जीपमंदी माहा भाऊ... ज्याले बोलावत होते ना साहेब, थो मीच होतो."

काका यवतमाळ यायच्या आधीच गेला. साहेबांनी माझ्याकडून नकाशा घेऊन पुन्हा उघडला. मग म्हणाले, "ढोलेबुवा, ही रेघ पलीकडच्या पडिकातूनही नेता येईल. लांब पडेल, पण तुमची विहीर वाचेल."

"लांब कायले?" बाबा म्हणाले. "इथूनच न्या. माही हरकत नाई. पण एक सांगतो साहेब, राग नका धरू. आखून ठेऊ नका. करा."

"करतो," साहेब म्हणाले. आणि लगेच, स्वतःलाच अडवल्यासारखे, "करतो म्हणणं खोटं होईल. माझ्या हातात आखणं आहे, करणं वरच्यांच्या हातात. पण मागे लागीन. आणि ज्या वर्षी होणार नाही, त्या वर्षी स्वतः येऊन तसं सांगीन." त्याच दुपारी त्यांनी वावराच्या दोन्ही टोकांना सागाच्या खुंट्या ठोकल्या. संध्याकाळी कचेरीत येऊन मला शाईचं पेन दिलं. माझ्या बापाच्या वावरातली ती रेघ माझ्या हातची आहे.

हरकतींच्या सुनावणीत सभागृह गच्च भरलं होतं. एक व्यापारी उठून म्हणाले, "वीस सालाचा प्लान करून राह्यले साहेब, वीस सालानं आपल्यातला जित्ता कोण राहीन?" लोक हसले. साहेब म्हणाले, "आपण नाही राहणार शेठ. गाव राहील." टाळ्या पडल्या. आराखडा मंजुरीला वर गेला आणि वरच राहिला; खाली आला तो पुढे कित्येक वर्षांनी, तुकड्यातुकड्यानं.

मग ती वर्षं आली. कापसाच्या वाईट वर्षांबद्दल पेपरांनी खूप लिहिलं, मी नव्यानं काय लिहू? मी कचेरीच्या खिडकीतून जे पाहिलं तेवढंच सांगते. रांग आखूड होत गेली. आधी बसस्टँडच्या अलीकडे आली, मग दवाखान्याच्या. आमच्यासारखी चार घरं सोडली तर लोकांनी बैल विकले. केंद्र एका वर्षी उशिरा उघडलं, एका वर्षी उघडलंच नाही, आणि कापूस गावातूनच व्यापाऱ्याच्या टेम्पोत जाऊ लागला. साहेबांनी आराखड्यात मोठा गाडीतळ दाखवला होता. रांगेतल्या गाड्यांना सावली, बैलांना पाण्याचा हौद. त्यांचा सगळ्यात लाडका तुकडा. ती जागा मिळाली, हौदही बांधला गेला... आणि तोवर रांगेत बैलच उरले नव्हते. एकदा आम्ही दोघं तिथे उभे होतो. हौदात बाभळीच्या शेंगा पडल्या होत्या, काठावर शेळ्या. साहेब म्हणाले, "ढोलेबाई, मी पुढची वीस वर्षं बघतो असं म्हणत होतो. मागचीच वीस बघत होतो हो." त्यांचा आवाज असा मी पुन्हा कधी ऐकला नाही.

पण दिलेला शब्द त्यांनी सोडला नाही. आमच्याकडे कापसाच्या पहिल्या वेच्याआधी सीतादही करतात, वावरात पूजा मांडून दहीभाताचा नैवेद्य. दर वर्षी त्या दिवशी साहेब हजर. नोकरीत होते तेव्हा सायकलनं, निवृत्त होऊन लोहाऱ्याला राहायला गेल्यावर एसटीनं. वाटेवर दिसले की बाबा, कोर्टात पेशीचा, म्हणजे तारखेचा, पुकारा करावा तसे ओरडायचे, "पेशीवाले आले! आसामी हाजिर हाय!" साहेब बोरीखाली चपला काढून बसायचे, घाम पुसायचे आणि सांगायचे, "ढोलेबुवा, अजून नाही." बाबा मान हलवायचे. "बरं, पुढची तारीख घ्या. दहीभात खा पहिले." मग दोघं पत्रावळीवर जेवायचे, पावसापाण्याचं बोलायचे. काकाचं नाव दोघंही कधी काढत नसत.

माझा भाऊ दिलीप चिडायचा. आखलेल्या पट्ट्यात विहीर खोदता येत नव्हती, तो तुकडा विकता येत नव्हता. "बाबा, थो साहेब भात खाऊन जाते अन् आपलं वावर अडकून पडलं. कायले बोलावता?" बाबा म्हणायचे, "बोलावलं कोणं? थोच येते. बाकीचे आले काय कोणी सांगाले?"

मी इथे खोटं गोड लिहिणार नाही. साहेब जिंकले नाहीत. रस्ता झाला, पण अर्धा. गावाकडून सुरू झाला आणि नाल्याच्या अलीकडे येऊन थांबला, कारण पुलाला मंजुरी नाही. त्या डांबरावर आता लोक सोयाबीन वाळवतात. अर्ध्या रस्त्यावरून कोणाची जीप यवतमाळला जात नाही. मागच्या सीतादहीला साहेब काठी टेकत आले, काकूंना न विचारता. नाल्याच्या काठावर उभे राहून त्यांनी एकदा डांबराकडे बघितलं, एकदा आमच्या खुंटीकडे. मधलं अंतर एवढं कमी, की हाक मारली तर ऐकू जाईल. "इतकंच राहिलं हो," म्हणाले. बाबांनी हात धरून त्यांना नाला ओलांडून दिला. ती शेवटची भेट.

काकूंच्या फोननंतर मी वावरात गेले. बाबा हरभऱ्यासाठी मोकळ्या ठेवलेल्या पट्टीत वखर धरून होते. मी सांगितलं. त्यांनी बैल थांबवले, डोक्याचं फडकं काढलं, पुन्हा बांधलं. "कधी?" एवढंच विचारलं. मग वखर हाकलं आणि खुंटीपाशी आल्यावर रोजच्यासारखं उचलून पलीकडे टेकवलं. इतक्या वर्षांत त्या खुंटीला त्यांनी पात्याचा धक्का लागू दिलेला नाही. दिलीप धुऱ्यावरून म्हणाला, "आता तरी उपटा बाबा थ्या खुंट्या. येणारं कोणी राह्यलं नाई." बाबांनी बैल पुढे हाकले.

त्यानंतर काही आठवड्यांनी या वर्षीची सीतादही झाली. कापूस बरा आहे, बोंडं कमी. मी कचेरीतून रजा घेतली. आता रचना शाखा माझ्याकडे आहे, पुलाचा प्रस्ताव मीच पुन्हा पाठवला आहे, आणि उत्तर काय येणार ते मला ठाऊक होतं. आईनं पूजा केली. बाबांनी एक पत्रावळ बोरीखाली, साहेबांच्या जागेवर वाढून ठेवली. मी चपला काढल्या आणि त्या पत्रावळीपाशी बसले.

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मग म्हणाले, "आसामी हाजिर हाय काय?"

"हाय," मी म्हटलं. "बाबा... अजून नाही."

त्यांनी मान हलवली. खुंटीकडे बघितलं, नाल्याकडे बघितलं. "बरं," म्हणाले. "पुढची तारीख घे, माय. दहीभात खा पहिले."