स्क्रीन फिरवायला नको होता

"काका, गाडीत काहीच दोष नाही," मी तिसऱ्यांदा सांगितलं.

वासुदेवकाका ऐकेनात. "बेटा, मी काय हौसेनं येऊन राहिलो का? सुरू करतानी धक्के मारते गाडी."

काकांचं सीताबर्डीत बटणं-लेसचं छोटं दुकान. प्रताप नगरहून रोज इलेक्ट्रिक स्कूटरवर जायचे. मी नंदनवनच्या सर्व्हिस सेंटरमध्ये टेक्निशियन. तिथली एकटी बाई, त्यामुळे आपलं काम चोख आहे हे दाखवायची मला जरा जास्तच खुमखुमी. दोनदा मी स्वतः चक्कर मारून पाहिली होती. गाडी छान चालली. या वेळी काकांनी मुलाला, प्रशांतला, सोबत आणलं होतं. आमचे सर म्हणाले, "तिसरी कंप्लेंट आहे. आज क्लोज कर."

मी कंट्रोलरला लॅपटॉप जोडला. गाडीची मूठ, म्हणजे थ्रॉटल, किती पिळली ते वाचून मोटरला किती करंट द्यायचा हे कंट्रोलर ठरवतो. मुठीची हालचाल स्क्रीनवर रेघेसारखी दिसते. गाडी स्टँडवर घेतली आणि काकांना मूठ हळूहळू पिळायला सांगितली.

रेघ सरळ चढायला हवी होती. ती करवतीसारखी दातेरी आली.

मला आनंद झाला. लिहायला लाज वाटते, पण आनंदच झाला. मी स्क्रीन सगळ्यांकडे फिरवला. "बघा सर! गाडी नाही, काकांचा हात थरथरतो."

काकांनी हात खिशात घातला.

"बाबा, कधीपासून हालून राहिला हात?" प्रशांतने विचारलं. "काहून नाही सांगितलं?"

"काही नाही गा."

जाताना गाडी प्रशांतने चालवली, काका मागे बसले. सरांनी मला शाबासकी दिली.

घरी गेल्यावर माझं डोकं ठिकाणावर आलं. मुठीची सुरुवातीची थोडी हालचाल कंट्रोलरने मोजायचीच नाही, असं सेटिंग असतं. त्याला डेड झोन म्हणतात. करंट किती हळू चढवायचा, तेही ठरवता येतं. दोन्ही वाढवलं असतं तर ती थरथर मोटरपर्यंत पोचलीच नसती. हे मला पाठ होतं. पण मला गाडी सुधारायची नव्हती, स्वतःला बरोबर ठरवायचं होतं.

पुढच्या रविवारी लॅपटॉप घेऊन काकांच्या घरी गेले. स्कूटर कव्हरखाली होती, दुकान आठवडाभर बंद. दहा मिनिटांत सेटिंग बदललं. काकांनी गाडी फाटकापर्यंत नेऊन आणली. एकही धक्का नाही.

"म्हणजे गाडीतच होतं ना?"

"हो काका. माझं चुकलं."

ते हळूच म्हणाले, "डॉक्टरले मालूम आहे बेटा. जवळपास चालवा म्हणे, हळू. घरीच नव्हतं सांगितलं. गाडी बंद करतील म्हणून."

तेवढ्यात प्रशांत बाहेर आला. "चावी द्या बाबा."

मी त्याला डेड झोन समजावू लागले. त्याने मध्येच थांबवलं. "मॅडम, ग्राफ तुम्हीच दाखवला ना मले?"

मी लॅपटॉप मिटला. काकांनी चावी दिली.

ते दुकान आता दुसरं कोणी चालवतं. मी हल्ली ग्राफ आधी एकटी बघते, मग ग्राहकाला बाजूला घेऊन विचारते की चालवताना त्रास नेमका कुठे होतो. एवढं विचारायला लॅपटॉप लागत नाही.