दोरीवरचं शेवटचं चित्र

इंगळे सर गेल्याचं रशीदभाईंनी फोनवर सांगितलं, तेव्हा मी अमडापूरच्या शाळेत हजेरी घेत होते. उरलेली नावं वाचली, पण कोण हजर आणि कोण गैरहजर, काही कळलं नाही... त्याला आता दीड महिना झाला.

सर चिखलीच्या एका शाळेत चित्रकला शिकवायचे. तीस वर्षांपूर्वी घराची पुढची खोली रिकामी करून त्यांनी रविवारचा चित्रकला क्लब सुरू केला, तेव्हा आम्ही चारच जण होतो. रशीदभाई शिलाईचं दुकान सांभाळून यायचे, मी कॉलेजात होते. क्लबाचा नियम एकच, आणि तोही तऱ्हेवाईक. आपलं चित्र अर्धवट सोडून दोरीला चिमट्यानं लावायचं, पुढच्या रविवारी ते दुसऱ्यानं पुरं करायचं. "आपल्याले जे दिसत नाही, ते दुसऱ्याले दिसते," सर म्हणायचे.

मी काढलेलं आईचं चित्र रशीदभाईंच्या वाट्याला आलं. आईच्या चष्म्याच्या तुटक्या काडीला दोरा बांधलेला असायचा. मी तो मुद्दाम गाळला होता, रशीदभाईंनी नेमका तोच काढून ठेवला. मी रागानं क्लबच सोडला. महिन्याभरानं सर ते चित्र घेऊन आमच्या घरी आले. आई पाहून हसली. "आता खरी मी दिसून राह्यली," म्हणाली. पुढच्या रविवारी मी निमूट हजर झाले.

गेल्या रविवारी रशीदभाईंबरोबर त्या खोलीत गेले, तर दोरीवर सरांचं शेवटचं चित्र तसंच होतं. चित्रात त्यांच्या पत्नी, आमच्या काकू, तुरीच्या शेंगा सोलताहेत. सगळं पुरं, फक्त उजव्या हाताचं मधलं बोट राहिलेलं. काकूंचं ते बोट वाकडं आहे. भिंतीवर सरांनी काढलेली काकूंची जुनी चित्रं पाहिली, तर प्रत्येकात ते सरळ. लोकां सांगे ब्रह्मज्ञान... मला हसू आलं आणि डोळेही भरून आले.

"असं काऊन हो, काकू?" दारात उभ्या असलेल्या काकूंना मी विचारलं.

"खोली रिकामी केली, त्या दिशी लोखंडी कपाट त्यायच्या हातून सुटलं अन् माह्या बोटावर पडलं. म्या कधी विषय काढला नाही. त्यायनंबी नाही."

सरांसाठी बोट सरळच काढावं, असं मनात आलं. काकूंनी ते ओळखलं असावं.

"जसं हाय तसंच काढ," म्हणाल्या, आणि हात माझ्यासमोर ठेवला.

एवढंसं बोट, पण मला अर्धा तास लागला. रशीदभाई शेजारी उभे होते. त्यांनीच चित्र पुन्हा दोरीला लावलं. काकूंनी जवळ येऊन पाहिलं.

"तीस वर्सं हे बोट त्यायच्यानं निघालं नाही," त्या म्हणाल्या. "शेवटी तुह्यावर सोडून गेले."